लोकलचा हिशेब

रेल्वे स्थानकावर लावलेले वेळापत्रक तुम्ही कधी नीट वाचले आहे का? आपली गाडी किती वाजता आहे, एवढेच पाहून आपण पुढे जातो. पण मुंबईच्या लोकल गाड्यांचे वेळापत्रक एकदा सवडीने वाचून पाहा. सकाळी आठ ते दहाच्या सुमारास दर तीन-चार मिनिटांनी एक गाडी सुटते. दुपारी दोन गाड्यांमधले अंतर वाढते. मध्यरात्रीनंतर काही तास गाड्या बंदच असतात. रविवारचे वेळापत्रक तर वेगळेच असते. असे का बरे असावे? आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा रेल्वे आणखी गाड्या का सोडत नाही?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवर चालणारी पहिली गाडी सुरू झाली. त्या गाडीला चारच डबे होते. आज मुंबईत रोज तीन हजारांच्या आसपास लोकलफेऱ्या होतात आणि सत्तर लाखांच्या आसपास लोक त्यांतून प्रवास करतात. एवढ्या माणसांना एवढ्या गाड्यांत बसवायचे, म्हणजे हिशेब चोख हवा.

या हिशेबातली पहिली अडचण अशी, की रेल्वेचा माल साठवून ठेवता येत नाही. कापडवाल्याचे कापड आज खपले नाही, तर ईद-दिवाळीला खपते. भाजीवाला उरलेली भाजी संध्याकाळी निम्म्या भावात विकून टाकतो. रेल्वे विकते ती जागा. दुपारी अडीचच्या गाडीतली पन्नास बाके रिकामी गेली, तर ती गेलीच. सकाळी नऊच्या गाडीला ती जोडता येत नाहीत.

दुसरी अडचण दिशेची. सकाळी कल्याण, ठाणे, विरार, बोरिवली या बाजूंनी माणसांचा लोंढा दक्षिण मुंबईकडे येतो. भरून आलेली गाडी उलट दिशेला मात्र बरीच मोकळी जाते. तिला परत जावेच लागते, नाहीतर पुढच्या फेरीला गाडी आणायची कोठून? संध्याकाळी हेच चित्र उलटे होते.

मग गर्दीच्या दोन तासांत गाड्या वाढवाव्यात, असे तुम्ही म्हणाल. आपण साधे गणित करून पाहू. एका रुळावर दर तीन मिनिटांनी एक गाडी सोडली, तर तासाला वीस गाड्या होतात. पुढची गाडी पुरेशी लांब गेल्याशिवाय मागच्या गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. स्थानकात गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. दारात चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडले, की ती जास्त थांबते आणि तिच्या मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. म्हणजे गर्दी फार वाढली, की गाड्यांचा वेगही तीच कमी करते. शिवाय सकाळच्या दोन तासांसाठी दहा नव्या गाड्या विकत घेतल्या, तरी त्यांची देखभाल, मोटरमन, गार्ड आणि उभे राहायला यार्ड यांचा खर्च दिवसभराचा असतो.

म्हणून रेल्वेने गाड्या लांब केल्या. चाराचे आठ, आठाचे नऊ, नवाचे बारा डबे झाले. २००९ साली पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल धावू लागली. बारा डब्यांच्या जागी पंधरा डबे आले, म्हणजे एकाच फेरीत पाव पट जास्त माणसे मावली. हा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो; कारण त्यात रुळावर नवी गाडी घुसवावी लागत नाही. पण त्यासाठी फलाट लांबवावे लागतात. जुन्या स्थानकांत एका टोकाला पूल, तर दुसऱ्या टोकाला फाटक किंवा वस्ती असते. तेथे काम अडून बसते.

तिसरा उपाय नव्या रुळांचा. बाहेरगावच्या गाड्या आणि लोकल एकाच रुळावरून जाऊ लागल्या, की दोघींनाही उशीर होतो. ठाणे ते दिवा या पट्ट्यात पाचवा आणि सहावा रूळ टाकण्याचे काम अनेक वर्षे चालले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते पुरे झाले आणि काही नव्या लोकलफेऱ्या सुरू करता आल्या.

रविवारी कचेऱ्या बंद, म्हणून प्रवासी कमी आणि गाड्याही कमी. रुळांची आणि तारांची मोठी दुरुस्ती रेल्वे बहुधा त्याच दिवशी उरकते. त्यालाच आपण मेगाब्लॉक म्हणतो. रविवारी लग्नाला निघालेली माणसे त्याला काय काय म्हणतात, ते येथे लिहिता येणार नाही!

आता भाड्याकडे वळू. लोकलने रोज जाणारे बहुतेक लोक पास काढतात. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. समजा, एका प्रवासाचे तिकीट दहा रुपये आहे. महिन्यात सव्वीस दिवस जाऊन येऊन बावन्न प्रवास होतात. रोज तिकीट काढले तर पाचशे वीस रुपये लागतील. पास मात्र सुमारे दीडशे रुपयांत मिळेल. ही मोठी सवलत आहे. (‘सवलत’ हा शब्द तुमच्या ‘सहूलत’चाच मराठी अवतार आहे, बरे का!) जून २०१४ मध्ये पासाची किंमत पंधराऐवजी तीस तिकिटांइतकी करण्याचे ठरले होते. लोकांनी एवढा विरोध केला, की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

काही ठिकाणी भाड्याने गर्दी वळवतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत गर्दीच्या वेळी जास्त भाडे आणि इतर वेळी कमी भाडे असते. ज्याला उशिरा निघणे शक्य आहे, तो पैसे वाचवण्यासाठी उशिरा निघतो. मुंबईत मात्र पास सकाळी नऊलाही तोच आणि दुपारी दोनलाही तोच. येथे लंडनसारखे करावे का? कारखान्यात किंवा दुकानात ठरलेल्या वेळी हजर व्हावे लागणाऱ्या माणसाला वेळ निवडता येत नाही. त्याच्याकडून जास्त पैसे घेतले, तरी तो त्याच गाडीने येणार. फक्त त्याचा खिसा हलका होणार. त्यापेक्षा कचेऱ्यांच्या वेळा बदलणे बरे. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने मुंबईतील आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या दोन वेगवेगळ्या वेळा ठेवल्या आणि इतर कार्यालयांनाही तशी विनंती केली.

भाडे आणि गाड्या यांचा संबंध किती नाजूक असतो, हे एसी लोकलच्या गोष्टीवरून कळते. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला पहिली एसी लोकल निघाली. तिची दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे दारात कोणी लटकत नाही. पण भाडे पहिल्या वर्गापेक्षाही जास्त होते, आणि गाड्या बऱ्याच रिकाम्या धावत होत्या. शेजारच्या साध्या गाडीत मात्र मुंगी शिरायला जागा नसे. मग ५ मे २०२२ पासून एसी लोकलच्या एकेरी तिकिटाचे दर जवळजवळ निम्मे झाले. पाच किलोमीटरपर्यंतचे तिकीट ६५ रुपयांवरून ३० रुपयांवर आले. थोड्याच दिवसांत एसी लोकल भरू लागल्या. येथपर्यंत हिशेब बरोबर जुळला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने आणखी दहा एसी फेऱ्या सुरू केल्या. त्या मात्र नव्या नव्हत्या. दहा साध्या फेऱ्या काढून त्यांच्या जागी त्या ठेवल्या होत्या. कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी संतापले. कळव्यात लोक रुळांवर उतरले. का? वेळापत्रकात गाड्यांची संख्या तेवढीच होती. पण स्वस्त पासवाल्यासाठी त्या वेळची गाडी नाहीशीच झाली होती. तो पुढच्या साध्या गाडीची वाट पाहणार, आणि त्या एका गाडीत दोन गाड्यांची माणसे चढणार. आठवड्याभरातच या दहा फेऱ्या मागे घेण्यात आल्या. एसी गाडीला मागणी होती, हे खोटे नव्हते. साध्या गाडीची मागणी मात्र कमी झाली नव्हती, आणि ती कोणी मोजली नव्हती.

ही मोजणी चुकते, तेव्हा किंमत पैशात भागत नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. हवा खेळती राहावी म्हणून दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल अशी रचना, असा आराखडाही मांडला. आता तुम्हीच हिशेब करा. दार बंद झाले, की आज दाराबाहेर लटकणारी माणसे आत मावली पाहिजेत. ती मावली नाहीत, तर फलाटावर राहतील, आणि त्यांच्यासाठी मागून येणारी साधी गाडी लवकर यावी लागेल.