एका इंचाचा प्रवास

भाचीची उंची चार फूट अकरा इंच. तिच्या वडिलांची क्लासिक ३५० मोटरसायकल वजनाला १९५ किलो, आणि सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर. गाडी ती झकास चालवते, अडचण येते ती थांबताना. "मामा, चवडे टेकतात, पण टाचा अधांतरीच राहतात," ती म्हणाली. आदिलाबादेत कापसाच्या हंगामात मार्केट यार्डाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली की दर दहा पावलांवर थांबावं लागतं. चवड्यांवर १९५ किलो तोलायचे तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. म्हणून एक इंचाने आखूड अशी मागच्या शॉकअपची जोडी मागवली आणि रविवारी अंगणात पाने मांडून बसलो.

दोन बोल्ट वर, दोन खाली. काम एवढंच, अशी माझी समजूत होती. पण तो एक इंच गाडीभर कुठे कुठे फिरून आला ते पाहून मी थक्क झालो.

आधी शॉकअपबद्दल. बाहेर दिसते ती स्प्रिंग. आपण ती दाबतो तेव्हा तिची तार वाकते असं वाटतं. प्रत्यक्षात ओलं फडकं पिळावं तशी ती स्वतःभोवती पिळली जाते. स्प्रिंग म्हणजे गुंडाळी करून ठेवलेली पीळ घेणारी सळई! तार नुसती दहा टक्के जाड घेतली तर स्प्रिंग शेकडा ४६ ने कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आणि दहा वेढ्यांच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापले तर ती मऊ होत नाही, उलट पाव पटीने कडक होते, कारण तोच पीळ आता कमी तारेला सोसायचा असतो.

स्प्रिंगच्या आत असते तेलाची नळी. मिस्त्रीच्या दुकानात स्प्रिंग काढलेली अशी एक नळी पडली होती. तिचा दांडा हळू दाबला तर मुकाट्याने आत जातो, झटक्यात दाबला तर हाताला अडतो. आतल्या पिस्टनला बारीक भोकं असतात आणि तेलाला त्यांतूनच वाट काढावी लागते. घाई जितकी जास्त तितका विरोध जास्त. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी पाळण्यासारखी झुलत राहिली असती. स्प्रिंग धक्का साठवून ठेवते, तेल तो जिरवतं. जिरलेला धक्का जातो कुठे? त्याची उष्णता होते.

हे सुख फार जुनं नाही. पूर्वी बहुतेक मोटरसायकलींचं मागचं चाक सांगाड्याला पक्कं जखडलेलं असे आणि बसणाऱ्याची कंबर सीटखालच्या स्प्रिंगांच्या भरवशावर असे. १९४८ साली इंग्लंडमध्ये बुलेटचा नमुना मागचं चाक धरणारा हलता चिमटा घेऊन स्पर्धेत उतरला, तेव्हा अनेक जाणत्यांना ती चूक वाटली होती. आज चिमट्याशिवाय गाडी कुणाला सुचतही नाही.

आता आमचा इंच. जुना शॉकअप काढून त्याच मापाचा नवा घालायचा असेल तर एका वेळी एकच बाजू सोडतात, दुसरी चिमटा धरून ठेवते. आखूड शॉकअपला ही युक्ती चालत नाही. मेन स्टँडवर मागचं चाक खाली लोंबत होतं, आणि नव्या शॉकअपचं खालचं भोक बोल्टच्या बरंच वर राहत होतं. शेवटी दोन्ही बाजू सोडल्या. टायरखाली फळी सरकवली, फळीवर प्लायचे तुकडे एकेक करून वाढवत गेलो. भाची भोकाला डोळा लावून बसली होती. "अजून एक... आला, आला!" बोल्ट बोटाने ढकलला तसा आत गेला. बोल्टाला हातोडी मारावी लागली तर भोकं जुळलेली नाहीत असं खुशाल समजावं. नट आधी हातानेच लावले. गाडी चाकांवर उतरवून भाचीला बसवलं आणि मग पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने आवळले. लोंबत्या स्थितीत आवळले तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो. स्प्रिंग मात्र घरी उतरवू नये. दाबून बसवलेली ती स्प्रिंग सुटली तर हात जायबंदी करते.

मागून गाडी २५ मिलिमीटर खाली आली. सीट किती उतरली? जेमतेम १७. दोन चाकांमधलं अंतर १३९० मिलिमीटर, आणि चालवणारा मागच्या आसापासून साधारण ४५० मिलिमीटर पुढे बसतो. पुढचं टोक जागेवरच असल्यामुळे वाट्याला दोन-तृतीयांशच येतं. उरलेला इंच दुसरीकडे फिरला. पुढचा फोर्क सुमारे एक अंशाने मागे कलला, त्यामुळे हँडल थोडं जड वळू लागलं. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर चढला. साइड स्टँड लांब पडू लागला, गाडी इतकी सरळ उभी राहायची की वाऱ्याने पलीकडे कलंडेल. चेनचा ढिलेपणा बदलला, कारण गिअरचं चाक, चिमट्याची खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणते, आणि आता चिमटा त्या रेषेपासून वेगळ्या कोनात बसला होता. हेडलाइट नि चेन आम्ही तिथेच जुळवली. साइड स्टँडसाठी मात्र मिस्त्रीला हाक मारावी लागली.

सर्वांत मोठा हिशेब चालीचा, म्हणजे शॉकअप किती दबू शकतो त्याचा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाने वाढते. चाल पाऊणपट झाली तर त्याच स्प्रिंगमध्ये धक्का जवळपास निम्माच मावतो. तोच धक्का सोसायचा तर स्प्रिंग सुमारे पावणेदोनपट कडक हवी. म्हणून आखूड शॉकअप घेताना नुसती लांबी विचारू नका, स्प्रिंग त्या मापाने कडक केली आहे का तेही विचारा. स्प्रिंग कापून दिलेला तर घेऊच नका. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल त्यात मना आहे, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्यावं.

पौष अमावस्येला भाची नागोबाच्या जत्रेला केसलापूरला निघाली. गुडीहत्नूरपर्यंत हायवे, पुढे इंद्रवेल्लीचा रस्ता. मी मागच्या सीटवर. गतिरोधकावर मेन स्टँड एकदा खरडला, पूर्वी कधी खरडत नव्हता. त्या इंचाची तीही किंमत. जत्रेत गाडी लावताना मात्र तिच्या दोन्ही टाचा जमिनीला चिकटल्या होत्या, आणि ती ते मला दोनदा दाखवत होती.

उतरल्यावर मी वाकून शॉकअपच्या नळीला बोट लावलं. कोमट होती. वाटेतल्या सगळ्या खड्ड्यांचा हिशेब तिथे ऊब होऊन बसला होता. तुम्हीही खराब रस्त्याने घरी आलात की सायलेन्सर सांभाळून तिथे एकदा हात लावून पाहा.