गर्भावस्थेतील संप्रेरके व आतड्यांची गती

गर्भवती स्त्रीस होणारी छातीतील जळजळ, पोटफुगी व बद्धकोष्ठता आहारातील चुकीमुळेच उद्भवते, असा समज रूढ आहे. वस्तुतः यामागे संप्रेरकांतील बदल हे प्रमुख कारण आहे.

गर्भधारणेनंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक प्रारंभी अंडाशयातील पीतपिंडातून व पुढे वारेतून वाढत्या प्रमाणात स्रवते. गर्भाशयाचे स्नायू शिथिल ठेवून अकाली आकुंचन रोखणे हे त्याचे महत्त्वाचे कार्य होय. मात्र आतड्यांचे स्नायूही त्याच अनैच्छिक प्रकारचे असल्याने तेही शिथिल होतात. परिणामी अन्न पुढे ढकलणाऱ्या लहरी मंदावतात. मोठ्या आतड्यात मल अधिक काळ राहतो, त्यातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडल्याने आम्ल वर येते.

रक्तक्षय टाळण्यासाठी शासकीय कार्यक्रमात गर्भवतीस रोज 60 मिलिग्रॅम लोह असलेली गोळी 180 दिवस दिली जाते. लोहामुळे बद्धकोष्ठतेत भर पडते आणि अनेक स्त्रिया गोळीच सोडून देतात. येथे कारणाचे ज्ञान निर्णायक ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील स्त्रियांनाच प्रशिक्षण दिल्यास असे ज्ञान घरोघरी पोहोचते, हे त्या प्रकल्पाने दाखवून दिले.

तात्पर्य, भरपूर पाणी, बाजरीची भाकरी, पालेभाज्या, थोडेथोडे खाणे व नियमित चालणे हे उपाय करावेत. गोळी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय बंद करू नये.