बिली हॉलिडे यांच्या स्वाक्षरीची पारख व मूल्यांकन

बिली हॉलिडे (७ एप्रिल १९१५ – १७ जुलै १९५९) या विख्यात अमेरिकन जॅझ गायिकेच्या स्वाक्षऱ्या संग्राहकांमध्ये दुर्मिळ व मूल्यवान मानल्या जातात. एखादी स्वाक्षरी त्यांच्याच हातची आहे की नाही, हे ठरवणे म्हणजे पारख. आणि तिला बाजारात किती किंमत येईल, याचा अंदाज बांधणे म्हणजे मूल्यांकन. दुसरी गोष्ट पहिलीवर अवलंबून असते. स्वाक्षरी बनावट ठरल्यास उरते ती केवळ मूळ छायाचित्राची किंवा ध्वनिमुद्रिकेची किंमत.

दुर्मिळतेची कारणे

हॉलिडे यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९३३ मध्ये झाले आणि वयाच्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रसिद्धीच्या काळातील स्वाक्षऱ्या त्यामुळे जेमतेम पंचवीस वर्षांतील आहेत. त्यांच्या समकालीन एला फिट्झगेराल्ड १९९६ पर्यंत हयात होत्या व त्यांना स्वाक्षऱ्या देण्यास कितीतरी अधिक काळ मिळाला. मागणी मोठी आणि पुरवठा मर्यादित, अशा स्थितीत बनावट मालाला वाव मिळतो.

चरित्राशी पडताळणी

स्वाक्षरीसोबत तारीख, स्थळ किंवा तिच्या प्राप्तीची हकिकत असेल, तर ती प्रथम गायिकेच्या चरित्राशी ताडून पाहतात. १९४७ च्या मे महिन्यात अमली पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्याखाली हॉलिडे यांना शिक्षा झाली. त्यानंतर मार्च १९४८ पर्यंत त्या वेस्ट व्हर्जिनियातील ऑल्डरसन येथील तुरुंगात होत्या. या काळात न्यूयॉर्कमधील एखाद्या कार्यक्रमात स्वाक्षरी मिळाल्याचा दावा टिकत नाही. सुटकेनंतर लगेच, २७ मार्च १९४८ रोजी, त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये गायन केले. परंतु मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्यासाठी न्यूयॉर्क शहरात लागणारा परवाना त्यांना मिळू शकला नाही. त्यामुळे १९५० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या क्लबची हकिकत अधिक बारकाईने तपासावी लागते. युरोपातील स्वाक्षरीच्या बाबतीत त्यांचा १९५४ चा दौरा आणि अखेरच्या काळातील भेटी विचारात घेतात.

साहित्याची परीक्षा

शाई, लेखणी आणि कागद यांचा काळ दाव्याशी जुळला पाहिजे. अमेरिकेत बॉलपेनची विक्री ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाली. ‘स्ट्रेंज फ्रूट’ या गीतामुळे गाजलेल्या १९३९ सालातील म्हणून दाखवलेली स्वाक्षरी बॉलपेनने केलेली असेल, तर दावा खोटा ठरतो. ‘शार्पी’ हे मार्कर पेन १९६४ मध्ये, म्हणजे हॉलिडे यांच्या निधनानंतर, बाजारात आले. लांब वादनाच्या ध्वनिमुद्रिका (एलपी) कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणल्या. त्यापूर्वीच्या तारखेची स्वाक्षरी अशा मुद्रिकेच्या वेष्टनावर असू शकत नाही. निधनानंतर पुनर्मुद्रित झालेल्या वेष्टनांनाही हाच न्याय लागू होतो.

कागदाला शुभ्रता देणारी रसायने सुमारे १९५० पासून प्रचारात आली. अशी रसायने असलेला कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. १९३० च्या दशकातील म्हणून सांगितलेले छायाचित्र असे चमकल्यास संशय घेण्यास जागा असते. साहित्याच्या परीक्षेला मात्र एक मर्यादा आहे: ती दावा खोडून काढू शकते, सिद्ध करू शकत नाही. जुन्या वहीचा कोरा कागद आणि जुनी शाई बनावट स्वाक्षरी करणाऱ्यालाही मिळू शकते.

हस्ताक्षराचे परीक्षण

भिंगाखाली प्रथम स्वाक्षरी छापील आहे का, हे पाहतात. छपाईत बहुधा ठिपक्यांची जाळी दिसते. सहज केलेल्या सहीत लेखणीचा वेग व दाब बदलत जातो आणि रेषांची टोके निमुळती होतात. नक्कल सावकाश, जणू अक्षरे रेखाटल्यासारखी केली जाते. तिच्यात थरथर, बोथट टोके, अनावश्यक थांबे आणि मागाहून केलेली दुरुस्ती आढळते. तथापि आजारपणात, घाईत किंवा उभ्याने केलेली अस्सल सहीसुद्धा अस्थिर असू शकते. म्हणून केवळ एका लक्षणावरून निर्णय देत नाहीत. तुलना त्याच कालखंडातील, निर्विवाद अस्सल अशा अनेक नमुन्यांशी करावी लागते. करारपत्रांवरील सह्या यासाठी विशेष उपयुक्त ठरतात.

मालकीचा इतिहास व प्रमाणपत्र

स्वाक्षरी कोणाकडून कोणाकडे गेली याची पत्रे, पावत्या, कार्यक्रमाची तिकिटे किंवा जुनी छायाचित्रे यांनी दाव्याला बळ मिळते. केवळ तोंडी हकिकतीला पुराव्याचे स्थान नसते. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या अमेरिकन संस्था शुल्क घेऊन स्वाक्षऱ्या तपासतात. त्यांचे प्रमाणपत्र हे तज्ज्ञांचे मत असते. विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राचे वजन विक्रेत्याच्या विश्वासार्हतेइतकेच. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत बनावट स्वाक्षऱ्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा बनावट मालासोबत प्रमाणपत्रेही दिली जात असल्याचे उघड झाले.

मूल्यांकन

अस्सलपणा निश्चित झाल्यावर स्वाक्षरी कशावर आहे, हे पाहतात. कापून घेतलेल्या कागदाच्या तुकड्यावरील किंवा स्वाक्षरीवहीच्या पानावरील सहीपेक्षा स्वाक्षरीत छायाचित्राला सामान्यतः अधिक किंमत येते. आशयसंपन्न हस्तलिखित पत्राचे मोल त्याहूनही अधिक असू शकते. शाईचा ठळकपणा, सहीची जागा, घड्या, डाग आणि चिकटपट्टीच्या खुणा यांचाही परिणाम होतो. एखाद्या व्यक्तीला उद्देशून लिहिलेला मजकूर काही ग्राहकांना नको असतो, त्यामुळे किंमत घटू शकते. पण तुलनेसाठी अधिक अक्षरे मिळत असल्याने तोच मजकूर पारख सुलभ करतो.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेल्या रकमेपेक्षा तत्सम वस्तूंना लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम ग्राह्य धरतात. लिलावसंस्था ग्राहकाकडून घेत असलेले अधिमूल्य त्या रकमेत धरले आहे की नाही, हेही पाहावे लागते. विम्यासाठीचे मूल्यांकन हे वस्तू पुन्हा मिळवण्याच्या खर्चावर आधारलेले असते, म्हणून ते विक्रीतून हाती येणाऱ्या रकमेपेक्षा बहुधा जास्त असते.