फुलरीनची विद्युत्भार-हस्तांतरण संकुले

संज्ञा : इलेक्ट्रॉन देणारा दाता आणि घेणारा ग्राही हे रेणू पक्का रासायनिक बंध न जुळवता परस्परांना बिलगून राहतात, आणि इलेक्ट्रॉनचा ताबा अंशतः वा पूर्णतः ग्राहीकडे जातो, त्या जोडीस हे नाव, तिला येणारा नवा रंग हीच बहुधा तिची ओळख. उपपत्ती रॉबर्ट मलिकन यांची, १९५२.

ग्राही : फुलरीन सी-६०; शोध १९८५, नोबेल १९९६. १२ पंचकोन व २० षटकोनांचा पोकळ गोल. काळी भुकटी टोल्युइनमध्ये विरघळली की द्रावण जांभळे दिसते.

दाते : फेरोसीन कृपण, काळे स्फटिक मिळतात, पण इलेक्ट्रॉन जवळजवळ त्याच्यापाशीच राहतो. टीडीएई मात्र उदार. तो संपूर्ण इलेक्ट्रॉन देतो, आणि १६ केल्विनखाली संकुल लोहचुंबकासारखे वागते (१९९१).

रूपांतरित फुलरीन : गोलाच्या एका दुहेरी बंधावर शाखा जोडल्यास विद्राव्यता वाढते, इलेक्ट्रॉनची ओढ किंचित घटते. पीसीबीएम (१९९५) याच जातीचे; सेंद्रिय सौरघटांत ते वापरतात.