कोलंबोत रुपया पडला, तर नाशिकच्या कांद्याला झळ कशी बसते?

घोटी (ता. इगतपुरी) : कांद्याच्या हंगामात आपल्या घोटी टोलनाक्यावर थोडा वेळ उभं राहा. लासलगाव, पिंपळगावकडून आलेले कंटेनर कसारा घाट उतरून न्हावाशेवा बंदराकडे जाताना दिसतात. त्यातला बराच माल श्रीलंका, मलेशिया, दुबईला जातो. आपण इगतपुरीकर भातवाले. पण निफाड, चांदवडला आपले पाहुणेरावळे कांदाच करतात. म्हणून हा विषय समजून घेऊ.

श्रीलंकेचं चलनही रुपयाच, पण तो वेगळा. २०२२ च्या मार्चच्या सुरुवातीला एका डॉलरला तिथले साधारण २०० रुपये पडायचे. मे महिन्यात तेच ३६० च्या आसपास गेले. आता हिशेब करा. समजा, तिथल्या व्यापाऱ्याने हजार डॉलरचा कांदा मागवला. आधी त्याला २ लाख मोजावे लागत, आता ३ लाख ६० हजार. कांदा तोच, आपला भावही तोच. तरी तिथलं गिऱ्हाईक कमी घेणार. त्यात बँकेत डॉलरच नव्हते. पैसे न भरल्यामुळे कोलंबो बंदरात जीवनावश्यक मालाचे कंटेनर अडकून पडले. बाहेरचं गिऱ्हाईक थांबलं की माल देशातच राहतो आणि बाजार समितीत भावावर दाब येतो.

म्हणूनच शेजारी देश एकमेकांचं चलन सावरायला धावतात. त्यात माणुसकी आहेच, पण स्वतःचा व्यवहारही आहे.

हे चालतं कसं? आपल्या गावातला बचत गट बघा. प्रत्येकीने घरात मोठी रक्कम दाबून ठेवण्यापेक्षा थोडं थोडं एकत्र ठेवायचं आणि ज्या घरात अडचण, तिला द्यायचं. देशांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्क देशांसाठी २ अब्ज डॉलरची सोय केली. तिला ‘करन्सी स्वॅप’, म्हणजे चलनाची अदलाबदल म्हणतात. अडचणीतला देश आपलं चलन रिझर्व्ह बँकेकडे ठेवतो आणि डॉलर नेतो. मुदत संपली की व्याजासह डॉलर परत करायचे आणि आपलं चलन सोडवून घ्यायचं.

ते डॉलर बाजारात आले की आयातदाराला मिळतात आणि घबराट कमी होते. कारण चलन पडताना अर्धं काम भीतीच करते. उद्या डॉलर महागेल म्हणून सगळे आजच घ्यायला धावतात आणि तो खरंच महागतो.

पूर्व आशियाने हे १९९७ मध्ये भोगलं. थायलंडचं बाट कोसळलं आणि झळ इंडोनेशिया, कोरियापर्यंत गेली. मग २००० मध्ये तिथल्या देशांनी चियांग माई इथे एकमेकांना डॉलर पुरवायचा करार केला. आज त्यांची सामाईक सोय २४० अब्ज डॉलरची आहे.

पण उसनवारीने कर्ज फिटत नाही, हेही लक्षात ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये भारताने श्रीलंकेला ४० कोटी डॉलरचा स्वॅप दिला, नंतर इंधन, अन्न, औषधांसाठी उधारीही दिली. तरी रुपया पडलाच. एप्रिलमध्ये त्यांनी परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. शेवटी मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेही कडक अटींवर. मधल्या काळात दुकानात धान्य आणि पंपावर तेल पोचलं, ते मात्र बऱ्याच अंशी भारताच्या मदतीमुळे. शेजाऱ्याच्या मदतीने वेळ मिळतो, घर मात्र ज्याचं त्यालाच सावरावं लागतं.

कांद्याचा भाव पाऊस, आवक आणि आपल्या सरकारच्या निर्यातबंदीनेही हलतो, हे आपण भोगलंय. पण यापुढे मोबाईलवर लासलगावचा भाव बघताना श्रीलंकेचा रुपया आणि बांगलादेशचा टका कुठे आहे, तेही बघत जा. गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा असेल, तरच आपल्या मालाला उठाव!