समुद्रातले तेल आणि गच्चीवरचे ऊन

आहेरात एकशे एक रुपये घालायचे म्हटले की घरात एक रुपयाच्या कोऱ्या नोटेची शोधाशोध सुरू होते. वाचकहो, यंदा ती सापडली की पाकिटात घालण्यापूर्वी जरा उलटी करून पाहा. मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसेल. त्याचे नाव ‘सागरसम्राट’. सबंध देशाच्या चलनावर जाऊन बसण्याइतके या यंत्राने काय केले, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. मला ते ठाऊक आहे, कारण ज्या वर्षी त्याने पराक्रम केला, त्या वर्षी हातात पत्र्याचा डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत उभे राहण्याचे काम घरात माझ्याकडे होते.

ते वर्ष १९७४. आदल्या वर्षी अरब राष्ट्रांनी तेल अडवले होते आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरजवळ जाऊन पोहोचला होता. अशा वेळी फेब्रुवारी महिन्यात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, सागरसम्राटाच्या गिरमिटाला तेल लागले. ‘बॉम्बे हाय’ हा शब्द दुसऱ्या दिवसापासून चाळीच्या जिन्याजिन्यावर ऐकू येऊ लागला. आता पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळणार, असे आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी ठामपणे सांगून टाकले. त्यांच्याकडे सायकल होती. १९७६ च्या मे महिन्यात तेल प्रत्यक्ष निघू लागले. पाण्याचा भाव काही आला नाही, पण देशाची फार मोठी अब्रू त्या तेलाने राखली, हे मान्य केले पाहिजे.

माझा पुतण्या तिथेच नोकरीला आहे. चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस घरी, असा त्याचा संसार. त्याच्या बायकोने अर्ध्या दिवाळ्या एकटीने काढल्या आहेत. २७ जुलै २००५ रोजी तिथल्या एका फलाटाला आग लागून बावीस माणसे गेली, त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपले नव्हते. तेव्हा तेल म्हणजे पंपावरचा आकडा, असे आम्हाला म्हणता येत नाही.

तेलाबद्दल आपल्या मनात एक चित्र असते : जमिनीखाली मोठे तळे आहे आणि नळी घालून ते उपसायचे. तसे नसते. बॉम्बे हायचे तेल चुनखडीच्या दगडात, जिलबीत पाक मुरावा तसे मुरलेले आहे. भोक पाडले की पहिल्यांदा ते आपल्या दाबाने उसळून येते. मग दाब ओसरतो. मग बाजूने पाणी दाबून तेल पुढे ढकलावे लागते आणि काही वर्षांनी तेलापेक्षा पाणीच अधिक वर येऊ लागते. कितीही केले तरी पुष्कळसे तेल दगडातच राहते. १९८९ च्या सुमारास हे क्षेत्र दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल देत होते. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. उरलेले काढण्यासाठी २०२५ साली ‘बीपी’ या विलायती कंपनीला सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. म्हातारपणी माणूस मोठ्या डॉक्टरकडे जातो, तसेच हे.

मग जगातले तेल संपणार का? हा प्रश्न विचारणारे शहाणे पुष्कळ झाले. हबर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९५६ साली गणित मांडले, की अमेरिकेचे उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठील आणि मग उतरेल. लोक हसले. १९७० साली ते शिखर खरोखर आले. हबर्ट ऋषी ठरले! पण पुढे शेल नावाचा खडक फोडून तेल काढण्याची युक्ती सापडली आणि २०१८ साली अमेरिकेने आपले जुने शिखर ओलांडले. उलट एप्रिल २०२० मध्ये, जग घरात कोंडलेले असताना, अमेरिकेच्या बाजारात तेलाचा भाव एका दिवसापुरता शून्याच्याही खाली गेला. म्हणजे ‘तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या’! तेव्हा मला वाटते, शेवटचा थेंब कधी, ही चिंता आपण सोडावी. आपली चिंता वेगळी आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. दुसऱ्याच्या विहिरीवर घागर घेऊन जाणाऱ्याने विहिरीत पाणी किती, यापेक्षा दोर कोणाच्या हातात आहे, हे पाहावे.

बरे, हे व्यसन सुटत का नाही? कारण तेलात ताकद विलक्षण आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. अंगमेहनत करणारा धट्टाकट्टा माणूस दिवसभरात जेमतेम अर्ध्या युनिटाचे काम करतो. इंजिनात तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेने वाया जाते, असे धरले तरी एका लिटरमध्ये चार दिवसांचा मजूर बसलेला असतो. एवढा स्वस्त गडी सहजासहजी कोण सोडील?

त्याला पर्याय म्हणून आपल्याकडे सर्वांत आधी आठवतो तो ऊस. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्येच गाठले गेले. कारखान्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, हे उत्तमच. परंतु ऊस किती पाणी पितो, हे मराठवाड्यातल्या माणसाला विचारावे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यांत मोटारींसाठी ऊस लावणे, हा विचार मला तरी पचत नाही. पवनचक्क्यांचे मला कौतुक आहे. साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर त्या ओळीने फिरताना पाहिल्या की बरे वाटते; पण वारा आपल्या लहरीचा.

खरी मजा उन्हाची आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिली कामाची सौरघटी तयार झाली, तेव्हा ती उन्हाचा सहा टक्के भाग विजेत बदलत होती. आज घरावर बसतात त्या तावदानांत हेच प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. बंगलेवाल्यांचे काम सोपे झाले. २०२४ च्या योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये सरकारही देते. आमच्या इमारतीत मात्र चोवीस बिऱ्हाडे आणि गच्ची एक. सभेत तीन तास चर्चा झाली. पापड कुठे वाळवायचे, हा मुद्दा एका वहिनींनी काढला, तेव्हा पुष्कळ पुरुष हसले. मला तो मुद्दा योग्य वाटला. पापड वाळवणे हीसुद्धा सौरऊर्जाच, आणि तिला अनुदान नाही. शेवटी जिन्याचे दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप एवढ्यापुरती तावदाने बसवायची, असे ठरले.

अडचण संध्याकाळची. सात वाजता घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात आणि सूर्य मावळलेला असतो. दिवसाची वीज साठवावी कशी? एक उपाय आपल्या सह्याद्रीतच आहे. घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॉटचे केंद्र चालते. वीज फावली की खालचे पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि गरजेला पुन्हा खाली सोडायचे. गच्चीवरच्या टाकीचाच हा थोरला भाऊ. दुसरा उपाय लिथियमची बॅटरी. तिचा पाया घालणाऱ्या तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. त्यांतल्या व्हिटिंगहॅम यांनी आपले मूळ काम १९७० च्या दशकात एक्सॉन या बड्या तेल कंपनीच्या पगारावर केले होते! विजेची स्कूटर तीनेक युनिटांत शंभर किलोमीटर जाते; पेट्रोलच्या स्कूटरला त्यासाठी दोनेक लिटर लागतात. फक्त बॅटरीतले घट बहुतेक चीनमधून येतात, म्हणजे घागर तीच, विहीर निराळी. शिवाय आपल्या विजेत मोठा वाटा अजून कोळशाचा आहे.

आणि तेल केवळ जळत नाही. रस्त्याचे डांबर, औषधाची बाटली, पावसाळी चप्पल, विमान. यांतले काहीच ऊन परस्पर देत नाही. त्यामुळे बॉम्बे हायला एवढ्यात कुलूप लागणार नाही.

हा सारा हिशेब मी मांडला, त्याला कारण माझ्या पुतण्याचा मुलगा. बारावीला आहे. वडिलांसारखे पेट्रोलियमचे शिक्षण घ्यावे की नाही, यावरून घरात दोन तट पडले आहेत. आई म्हणते, समुद्र नको. “काका, त्याची नोकरी साठाव्या वर्षापर्यंत टिकेल का?” असे पुतण्याने मला विचारले. मी म्हटले, तेलावर टिकेल याची हमी नाही, भोक पाडण्यावर टिकेल. लडाखमध्ये पूगा येथे जमिनीतली उष्णता वर काढून वीज करण्याचा करार याच तेल महामंडळाने २०२१ साली केला. तिथे लागते ती विद्या गिरमिटाचीच. आणि खुद्द सागरसम्राट? त्याचे खोदकाम थांबले, तेव्हा त्याला मोडीत काढले नाही. २०२२ साली तो तेल गोळा करणारे केंद्र म्हणून पुन्हा समुद्रात उभा राहिला.

हे ऐकून मुलगा एवढेच म्हणाला, “आजोबा, लडाखला चौदा दिवसांनी घरी सोडतात का?” त्याच्या आईने फराळाचे ताट पुढे सरकवले आणि प्रवेशपरीक्षेचा अर्ज अजून टेबलावर तसाच आहे.