सी ड्राइव्हमधलं नेमकं काय वाचवायचं?

आमच्या ग्रुपमध्ये कुणाचाही लॅपटॉप आडवा झाला की तो आधी माझ्या डायनिंग टेबलावर येतो. ‘बॅकअप आहे ना?’ असं विचारलं की हल्ली सगळे ऐटीत ‘आहे की!’ म्हणतात. उघडून बघावं तर कुणी अख्खं ‘विंडोज’ फोल्डर कॉपी केलेलं, कुणी ‘प्रोग्रॅम फाइल्स’. ओझं भरपूर, उपयोग जवळजवळ शून्य!

विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पुन्हा उतरवता येतं. आणि प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर नुसतं उचलून नव्या मशीनवर टाकलं, तर बहुतेक मोठी सॉफ्टवेअर्स चालतच नाहीत. त्यांच्या नोंदी जुन्या मशीनच्या रजिस्ट्रीत राहिलेल्या असतात. म्हणून माझा हिशेब सोपा आहे. जे पुन्हा डाउनलोड होतं ते सोडायचं, जे तुम्ही मशीनला शिकवलंत ते दर आठवड्याला उचलायचं.

हे शिकवलेलं बरंचसं ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं. सी ड्राइव्ह, यूजर्स, मग तुमच्या नावाचं फोल्डर. ते लपवलेलं असतं, तेव्हा एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर टिक करा. सगळं घेऊ नका, आत कॅशेचा कचरा खूप. ‘रोमिंग’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आत ‘टेम्प्लेट्स’ आणि ‘यूप्रूफ’ आहेत, ती दोन घ्या. एकात वर्डमधल्या तुमच्या स्टाइल्स आणि मॅक्रो, दुसऱ्यात ‘ॲड टू डिक्शनरी’ करत जमवलेले शब्द. फायरफॉक्सवाल्यांनी प्रोफाइलचं अख्खं फोल्डर घ्यावं. पासवर्डसाठी त्यातल्या लॉगिन्स.जेसन आणि की४.डीबी या फाइल्स जोडीनेच लागतात. एकटी पहिली म्हणजे किल्लीशिवायचं कुलूप. क्रोमचे पासवर्ड मात्र विंडोजच्या अकाउंटशी बांधलेले असतात, फोल्डर कॉपी करून दुसरीकडे उघडत नाहीत. तिथे सिंक चालू ठेवा आणि सुटा. क्लासिक आउटलुक असेल तर पीएसटी फाइल हवीच, कॉपी करताना आउटलुक बंद करून. ओएसटी नको, ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल.

आता खास आपल्या मराठी मंडळींची गोष्ट: फॉन्ट. माझ्या मावशीने २००४ साली आजोबांच्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या, दोनशे पानं, सी-डॅकच्या योगेश फॉन्टमध्ये. आजोबा आता नाहीत. नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मावशी रडकुंडीला आली. फाइल शाबूत होती बरं का, नव्हता तो फॉन्ट! युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवायचे, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूर गेल्यासारखाच. शेवटी माळ्यावरच्या जुन्या पीसीच्या हार्डडिस्कमध्ये तो सापडला आणि आजोबा पुन्हा मराठीत बोलू लागले. तेव्हा ‘विंडोज’ फोल्डर सोडा म्हटलं, त्याला हा अपवाद: त्यातलं ‘फॉन्ट्स’ बघा आणि तुम्ही बाहेरून टाकलेले फॉन्ट बाजूला काढा. विंडोज १० आणि ११ मध्ये ते ॲपडेटाच्या ‘लोकल’मध्येही जाऊन बसतात. आणि अशा जुन्या फाइल्सची एकेक पीडीएफ आजच करून ठेवा.

‘रजिस्ट्रीचा बॅकअप विंडोज घेतंच की,’ असं अजूनही ऐकू येतं. घ्यायचं. २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून ते काम आपोआप होत नाही. सिस्टिम रिस्टोअरच्या भरवशावरही राहू नका, ते तुमची डॉक्युमेंट्स जपत नाही.

कॉपी झाली की ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. २०१७ च्या ‘वॉनाक्राय’सारखं रॅन्समवेअर आलं, तर जोडलेली ड्राइव्हही कुलूपबंद होते.

राहिली बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते, आणि मदरबोर्ड बदलला की स्क्रीनवर ४८ आकडे मागितले जातात. बहुधा ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडतील. तिथून कागदावर उतरवून पासपोर्टच्या फायलीत ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ‘की’ नावाची फाइल करून ठेवणारे महाभाग माझ्या टेबलावर दोनदा येऊन गेलेत.